गिअरपेटींतलें तांबडें तेल

मोटार जुनी झाली, तिनें लाख-दीड लाख किलोमीटरांची मजल मारली, कीं तिच्या मालकापुढें एक प्रश्न उभा राहतो. आणि गाडी स्वयंचलित गिअरची असली तर तो अधिकच बिकट होतो. गिअरपेटींतील तेल इतक्या वर्षांत बदललेलें नाहीं. आतां बदलावें, कीं तसेंच राहूं द्यावें? इंजिनाच्या तेलाबद्दल असा वाद कोणी घालीत नाहीं. तें काळें झालें, बदललें, काम संपलें. पण गिअरच्या तेलापाशीं आलें, कीं मुरलेला मिस्त्रीसुद्धां मान हलवून सांगतो, "साहेब, चालते आहे तोंवर हात लावूं नका. नवें तेल घातलें आणि आठ दिवसांत गिअर बसले, असें झालेलें पाहिलें आहे." दुसरा मिस्त्री म्हणतो, बदललें नाहीं तर आज ना उद्यां पेटी जाणारच. दोघेही प्रामाणिक असतात, आणि नवल असें, कीं दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य असतें. तें कसें, हें समजण्यास या तेलाचा इतिहास पाहिला पाहिजे. आणि तो इतिहास केवळ मोटारीच्या कारखान्यांतला नाहीं. त्याचा बराच मोठा भाग महासागरांत घडलेला आहे.

साध्या मोटारींत इंजिन आणि चाकें यांचा संबंध जोडणें व तोडणें हें काम चालकाच्या डाव्या पायाकडे असतें. क्लच दाबावा, गिअर टाकावा, क्लच हळूच सोडावा. संवयीनें हें सोपें होतें खरें, पण शिकतांना किती जणांनीं भर चौकांत गाडी बंद पाडली असेल याची गणती नाहीं. या कसरतींतून चालकास सोडविणारी युक्ति प्रथम निघाली ती मोटारीसाठीं नव्हे, तर आगबोटीसाठीं. हर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनियर स्टेटिन येथील व्हल्कन गोदींत काम करीत असे. वाफेचें टर्बाइन अतिवेगानें फिरतें, आणि बोटीचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोहोंची गांठ केवळ दांतेरी चाकांनीं न घालतां ती द्रवानें घालावी, अशी त्याची कल्पना होती. तिचें पेटंट त्यानें १९०५ सालीं घेतलें. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. हवेच्या जागीं द्रव आहे आणि दोन्ही पंखे एकाच बंद डब्यांत अगदी जवळजवळ आहेत, अशी कल्पना केली म्हणजे फ्योटिंगरचें यंत्र ध्यानांत येतें. एकाची पातीं दुसऱ्याच्या पात्यांना शिवत नाहींत. मध्यें असतें तें फक्त तेल.

इंग्लंडांतील डेमलर कंपनीनें १९३० सालीं ही युक्ति आपल्या मोटारींत आणली, पण गिअर निवडण्याचें काम चालकाकडेच राहिलें. तेंही यंत्राकडे सोंपविण्याचें श्रेय अमेरिकेंतील अर्ल टॉम्पसन व त्याचे सहकारी यांचें. गिअर टाकतांना होणारा खडखडाट थांबविणारी 'सिंक्रोमेश' ही योजना, जी १९२८ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत आली, तीही टॉम्पसनचीच. त्याच्या मंडळीनें तयार केलेली 'हायड्रा-मॅटिक' पेटी जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं पुढें आणली व १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत बसविली. द्रवाचा एक सांधा, सूर्याभोंवतीं ग्रह फिरावेत तशीं फिरणारीं दांतेरी चाकें, पुढें जाण्याचे चार गिअर, आणि ते केव्हां बदलावयाचे हें ठरविणारी तेलाच्या दाबाची व झडपांची रचना, असें तिचें स्वरूप होतें. क्लचचें पायटें गाडींतून नाहींसें झालें. युद्धामुळें १९४२ च्या आरंभीं खासगी मोटारींचें उत्पादन बंद पडलें, तोंवर अशा सुमारे दोन लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. पुढें हीच पेटी 'एम-५' व 'एम-२४' या हलक्या रणगाड्यांत गेली. ज्या यंत्राकडे शहरांतील सुखवस्तु लोकांची चैन म्हणून पाहिलें जात होतें, त्याची परीक्षा चिखलांत आणि तोफांच्या माऱ्यांत झाली, आणि तें तींत उतरलें.

आतां तेलाकडे वळूं. इंजिनांतील तेल हें मुख्यतः वंगण. त्याचें काम म्हणजे घासणाऱ्या भागांमध्यें पातळ पदर धरणें आणि उष्णता व मळ वाहून नेणें. स्वयंचलित गिअरपेटींतील तेल वंगण तर आहेच, पण तें या यंत्राचे हातपायही आहे. इंजिनाचा जोर पंख्यांतून चाकांकडे नेतें तें तेल. झडपा सरकवितें, पट्टे आवळतें, क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबतें, तेंही तेलच. पेटीची उष्णता बाहेर नेऊन रेडिएटरापाशीं सोडणें हें आणखी एक काम. आणि सर्वांत चमत्कारिक काम निराळेंच आहे. या पेटींतले क्लच तेलांत बुडालेले असतात. तेलाचा धर्म निसरडेपणा, क्लचचा धर्म पकड. एकाच जागीं दोन्ही नांदावयाचे. तेल फार निसरडें असेल तर चकत्या घसरतात, तापतात, जळतात. फार कोरडें असेल तर त्या एकदम धरतात आणि प्रत्येक गिअरला गाडीला हिसका बसतो, किंवा अर्धवट धरतात-सोडतात आणि गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरते. चकत्या घसरत घसरत एकमेकींजवळ याव्यात आणि अखेरच्या क्षणीं गुपचूप जुळाव्यात, असें तेल पाहिजे. खाणींतून निघणाऱ्या खनिज तेलाला हा गुण उपजत नसतो. त्यांत कांहीं मिसळावें लागतें. हें मिसळण्याचें द्रव्य मोटारींच्या रसायनशास्त्रज्ञांना सांपडलें देवमाशाच्या डोक्यांत.

'स्पर्म व्हेल' हा दांत असलेला देवमासा. त्याला मासा म्हणावयाचें तें रूढीनें. तो सस्तन प्राणी आहे आणि श्वास घेण्यास त्याला पृष्ठभागावर यावें लागतें. भक्ष्यासाठीं तो हजार मीटरांहून खोल बुडी मारतो. त्याच्या अवाढव्य डोक्यांत एक पोकळी असते, आणि मोठ्या नराच्या पोकळींत हजार-दीड हजार लिटरांहून अधिक तेलकट द्रव भरलेलें असूं शकतें. हें तेल खोबरेल किंवा गोडेतेल यांच्या जातीचें नव्हे. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तें पातळ मेण होय. तें लौकर खवट होत नाहीं, उष्णतेनें सहसा बिघडत नाहीं, आणि धातूच्या पृष्ठाला चिकटून राहतें. घड्याळें व शिवणयंत्रें यांसारख्या नाजूक यंत्रांसाठीं तें फार पूर्वींपासून वापरांत होतें. त्याहून पूर्वीं त्याच्यापासून मेणबत्त्या होत. त्यांचा उजेड इतका स्वच्छ व सारखा असे, कीं १८६० सालीं लंडनच्या गॅसच्या कायद्यानें प्रकाश मोजण्याचें मापच या मेणबत्तीवरून ठरविलें. आपल्याकडे या प्राण्याची ओळख आहे ती त्याच्या आंतड्यांत तयार होणाऱ्या सुगंधी 'अंबरा'मुळें. कोंकण किनाऱ्यावर किंवा मुंबईंत अंबराचा चोरटा व्यापार पकडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असा व्यापार हा गुन्हा आहे.

शाळांच्या पुस्तकांतून एक गोड समजूत पसरलेली असते, कीं १८५९ सालीं पेन्सिल्व्हानियांत एडविन ड्रेकनें खनिज तेलाची विहीर खणली, घरोघर रॉकेलचे दिवे लागले, आणि देवमासे वांचले. दिव्यांपुरतें हें खरें आहे. नॅन्टकेट, न्यू बेडफर्ड हीं शिकारीचीं बंदरें मागें पडलीं हेंही खरें. पण देवमासे मात्र वांचले नाहींत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मिळून सुमारे तीन लाख स्पर्म व्हेल मारले गेले, असा अंदाज आहे. एकट्या विसाव्या शतकांत साडेसात लाखांहून अधिक. शिडाच्या होडींतून हातानें भाला फेकणारा शिकारी गेला आणि त्याच्या जागीं तोफेनें भाला मारणारी यांत्रिक बोट आली. खनिज तेलानें देवमाशाला दिव्यांतून सोडविलें आणि त्याच खनिज तेलावर चालणाऱ्या मोटारींनीं त्याला गिअरपेटींत नेऊन घातलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जनरल मोटर्सनें १९४९ सालीं स्वयंचलित पेटीच्या तेलाचें पहिलें जाहीर प्रमाण ठरविलें. त्यास 'टाइप ए' हें नांव दिलें. शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेंत परीक्षा होऊन क्रमांक मिळाला म्हणजे कोणत्याही तेलकंपनीस तें विकतां येई. इंजिनाच्या तेलांत गफलत होऊं नये, गळती कोठली हें ओळखतां यावें, म्हणून त्यास तांबडा रंग देण्याची चाल पडली. १९५७ सालीं 'टाइप ए, सफिक्स ए' आलें आणि १९६७ सालीं 'डेक्स्रॉन'. या तेलांत गंधकाशीं संयोग घडविलेलें स्पर्म व्हेलचें तेल अल्प प्रमाणांत मिसळलेलें असे. प्रमाण अल्प, पण सर्व नरमाई त्या अल्प भागाची. एकेका पेटीला आठ-दहा लिटर तेल आणि रस्त्यावर अशा गाड्या कोट्यवधि. अल्प प्रमाणाचीही बेरीज मोठी होते. गाडी विकत घेणाऱ्याला याची वार्ताही नव्हती. आपण सिग्नलापाशीं थांबून पुन्हां निघतों तेव्हां हिसका बसत नाहीं, याचें कारण प्रशांत महासागरांत मारला गेलेला एक प्राणी आहे, हें डब्यावर कोण लिहिणार?

अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे मंत्री वॉल्टर हिकेल यांनीं १९७० सालीं आठ जातींच्या देवमाशांचीं नांवें नष्ट होण्याच्या मार्गावरील प्राण्यांच्या यादींत घातलीं. त्यांत स्पर्म व्हेल होता. त्यामागून १९७२ सालीं सागरी सस्तन प्राण्यांचा आणि १९७३ सालीं संकटग्रस्त प्राण्यांचा असे कायदे झाले. तेलाची आयात थांबली. १९७३ च्या सुमारास देवमाशाच्या तेलावांचून केलेलें 'डेक्स्रॉन-२' बाजारांत आलें, आणि तेव्हां कोठें या मूठभर मेणाची खरी किंमत कळूं लागली. नव्या तेलांतील कांहीं द्रव्यें रेडिएटरमधील तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या झाळलेल्या सांध्यांना खाऊं लागलीं. सांधा गेला कीं पाणी तेलांत शिरतें, आणि पाणी शिरलें कीं क्लचच्या चकत्यांवरचें कागदी अस्तर सुटूं लागतें. गिअरपेट्या बिघडल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि लोक त्यांचें नातें देवमाशाच्या बंदीशीं जोडूं लागले. दोष बंदीचा नव्हता; घाईनें केलेल्या मिश्रणाचा होता. १९७५ सालीं गंज रोखणारें द्रव्य घालून तेंच तेल सुधारण्यांत आलें.

याच सुमारास ॲरिझोनाच्या वाळवंटांतील एका झुडुपाकडे लोकांचें लक्ष गेलें. जोजोबाच्या बियांतून निघणारें तेल हेंही गोडेतेल नसून पातळ मेणच आहे, हें ॲरिझोना विद्यापीठांत १९३३ सालींच आढळलें होतें. तें जवळजवळ देवमाशाच्या तेलासारखें. चाळीस वर्षें त्या शोधाची कोणी फारशी पर्वा केली नाहीं. १९७२ सालीं तेथील अपाची वगैरे मूळ रहिवाशांकडून रानांतलें बीं गोळा करविण्यास आरंभ झाला, पुढें लागवडी झाल्या. आपल्या राजस्थानांतही तें झुडूप लावलेलें आहे. परंतु झाड वाढण्यास वर्षें लागतात आणि मोटारीचे कारखाने तितके थांबत नसतात. त्यांची गरज मुख्यतः कृत्रिम द्रव्यांनीं भागविली, आणि जोजोबाचें तेल बहुतांशी सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांत गेलें. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवरील जागतिक बंदी आंतरराष्ट्रीय आयोगानें १९८२ सालीं ठरविली. हिंदी महासागर तर त्यानें १९७९ सालींच त्यांचें अभयक्षेत्र म्हणून जाहीर केला होता.

हा सारा इतिहास एकच गोष्ट दाखवितो: या पेटींतील तेल हा तिचा एक भागच आहे, चकती किंवा झडप यांच्याइतकाच, आणि कोणताही भाग झिजतो. तेल झिजतें म्हणजे काय? त्यांतील घर्षण सांभाळणारीं द्रव्यें उष्णतेनें मोडत जातात, तेल आंबट होतें, त्यांत चकत्यांचा भुगा मिसळतो. ही गोष्ट कारखानदारांना ठाऊक नव्हती असें नाहीं. पण गिऱ्हाइकाला खर्च सांगणें कोणास आवडतें? फोर्ड कंपनीनें १९६७ सालीं आपलें 'टाइप एफ' तेल काढलें तें गाडीच्या आयुष्यभर पुरावें या हेतूनें. त्या तेलांत नरमाई आणणारें द्रव्य नव्हतेंच, म्हणून फोर्डच्या पेट्या अधिक घट्ट पकडीच्या असत, आणि एकीचें तेल दुसरींत घातलें तर तें मानवत नसे. 'आजन्म' हा शब्द तेव्हांपासून मोटारींच्या पुस्तकांत वारंवार दिसतो. मात्र कोणाचा जन्म, हें पुस्तक सांगत नाहीं. जगांतल्या नामांकित गिअरपेट्या बनविणारी जर्मनींतील झेडएफ ही कंपनी स्वतःच्या पेट्यांसाठीं ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनंतर किंवा आठ वर्षांनीं तेल बदलण्याची शिफारस करते. आणि त्याच पेट्या बसविलेल्या कित्येक गाड्यांचीं पुस्तकें तें कधींच बदलावें लागत नाहीं असें म्हणतात. येथें पेटी करणाऱ्यावर विश्वास ठेवावा हें बरें. शिवाय पुस्तकांत बारीक अक्षरांत 'कठीण वापर' अशी एक वर्गवारी असते: सतत थांबत-निघत चालणें, कडक ऊन, चढ, ओझें. मुंबई-पुण्याची गर्दी आणि मधला घाट पाहतां आपल्याकडील कोणती गाडी या वर्गांत बसत नाहीं?

तर मग पहिल्या मिस्त्रीचें भय कोठून आलें? त्याचें पहिलें कारण म्हणजे माणसाचा स्वभाव. बहुतेक मालक तेल बदलण्याची आठवण काढतात ती गिअर घसरूं लागल्यावर. रोगी अखेरच्या घटकेस वैद्याकडे न्यावा आणि मग औषधानें मेला म्हणावें, तसा हा प्रकार. दुसरें कारण खरोखर यंत्रांतलें आहे. अस्तर झिजलेल्या पेटींत जुन्या तेलांतला भुगाच थोडीफार पकड देत असतो. ताजें तेल आलें कीं ती पकडही जाते. शिवाय नव्या तेलांत मळ सोडविणारीं द्रव्यें असतात. वर्षानुवर्षें साचलेली खळ एकदम सुटली, तर ती झडपांच्या अरुंद वाटांत जाऊन बसूं शकते. यंत्र लावून जोरानें तेल फिरवून सर्व पेटी धुऊन काढण्याची पद्धत आहे, तिच्यानें हा धोका वाढतो. फार जुन्या गाडीला ती न लावणें शहाणपणाचें.

त्याहून सौम्य रीत अशी. खालचा बोळा काढून जेवढें आपोआप गळेल तेवढेंच तेल जाऊं द्यावें. पूर्वींच्या कांहीं गाड्यांत पंख्यांच्या डब्यालाही बोळा असे. आतां तो बहुधा नसतो, म्हणून एका वेळीं तेलाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भागच निघतो. समजा, दर वेळीं शंभरांत चाळीस भाग बदलले. पहिल्या खेपेस साठ भाग जुनें उरेल, दुसऱ्या खेपेस छत्तीस, तिसऱ्या खेपेस बावीसच्याही आंत. मध्यें हजार-दोन हजार किलोमीटर गाडी चालूं द्यावी, म्हणजे मळ सुटला तरी बेताबेतानें सुटतो. तळाचें तबक, गॅरेजांत ज्यास चेंबर म्हणतात, तें शक्य तेथें उघडून गाळणी बदलावी आणि आंतील लोहचुंबक पाहावा. त्याला शाईच्या गाळासारखा करडा लेप असेल तर तें वयाचें साधें लक्षण आहे; चकचकीत धातूचे कण किंवा काळ्या अस्तराचे तुकडे असतील तर झीज फार पुढें गेलेली असते. नुसत्या रंगावर मात्र विसंबूं नये. कांहीं चांगलीं तेलें थोड्याच दिवसांत काळवंडतात. काळा रंग आणि जळका वास असे दोन्ही एकत्र आले म्हणजे संशय घ्यावा. तेल कोणतें घालावयाचें तें गाडीच्या पुस्तकावरून ठरवावें, डब्याच्या रंगावरून नव्हे. २०१४ सालापासून आपल्याकडे लहान गाड्यांतही पायटें नसलेले गिअर आले आहेत, पण त्यांतले पुष्कळसे मूळचे साधेच गिअर असून क्लच दाबण्याचें काम तेवढें यंत्र करतें. अशा पेटींत हें तांबडें तेल घालण्याचा प्रश्नच येत नाहीं. भरलेल्या तेलाची पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, पुस्तकांत दिलेल्या उष्णमानावरच मोजावी लागते. गार पेटींत बरोबर दिसलेलें तेल तापल्यावर फुगून अधिक होतें, आणि अधिक तेल फेसाळतें.

ज्या गाडीचे गिअर अजून न घसरतां पडतात, तिचें तेल या रीतीनें बदलण्यास मैलांचा आंकडा आड येत नाहीं. गिअर घसरूं लागलेले असतील, तर मात्र तेलाचा वाद बाजूस ठेवून पेटी उघडून घ्यावी लागते. जळलेल्या चकतीवर अस्तर पुन्हां चढविणारें तेल देवमाशाच्या काळांतही नव्हतें.